जॅक बेनी आणि त्याचे बिऱ्हाड

सन १९४८ मधील मार्च महिन्याची २८ तारीख. दिवस रविवारचा, आणि त्या वर्षी ईस्टरचा सणही नेमका त्याच दिवशी आलेला. अमेरिकेतील लक्षावधी घरांत रेडिओभोवती माणसे बसली आहेत. रेडिओतून पावलांचा आवाज येत आहे. एक गृहस्थ शेजाऱ्याकडून उसनी घेतलेली मौल्यवान वस्तू जपून धरीत अंधाऱ्या रस्त्याने घरी निघाला आहे. एवढ्यात कोणीतरी वाट अडवून दरडावतो, 'बोल, पैसे देतोस की जीव?'

यानंतर काहीच ऐकू येत नाही. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड, असे आपण समजतो. परंतु त्या रात्री यंत्रात काही बिघडलेले नव्हते. त्या शांततेत प्रेक्षागारातील माणसांना प्रथम बारीकसे हसू फुटले आणि ते वाढतच गेले. दरोडेखोराने चिडून पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा आपले गृहस्थ तितक्याच वैतागाने उत्तरले, 'थांब की, विचार करतो आहे!'

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण ज्या भाषेत आहे त्या भाषेतील श्रोत्यांना हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. या प्रसंगात उत्तराच्या आधीच लोक हसले. नुसत्या गप्प बसण्यावर ते हसले. कोणी अनोळखी नट तेथे गप्प बसला असता तर एकही माणूस हसला नसता. ते हसू फुटण्यासाठी त्या गृहस्थाची आणि श्रोत्यांची सोळा वर्षांची ओळख असावी लागली. आजच्या भाषणाचा विषय ही ओळख हाच आहे.

त्या गृहस्थाचे नाव जॅक बेनी. मात्र येथे प्रारंभीच एक घोटाळा निस्तरला पाहिजे. जॅक बेनी नावाची माणसे दोन होती. एक खरोखरीचा कलावंत, आणि दुसरे त्याने निर्मिलेले पात्र, ज्याचे नावही जॅक बेनी. इंग्रजीत दोघांसाठी एकच सर्वनाम असल्यामुळे हा घोटाळा तेथील लोकांना जन्मभर भोवला. आपल्या मराठीने ती सोय करून ठेवली आहे. तेव्हा कलावंताला मी 'ते' म्हणेन आणि पात्राला 'तो'.

ते जन्मले १४ फेब्रुवारी १८९४ रोजी, शिकागो येथे. मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. वडील ज्यू, रशियाच्या ताब्यातील पोलंडमधून देशांतर करून आलेले. इलिनॉय राज्यातील वॉकीगन या गावी ते व्यापार करीत आणि मुलाने मोठा व्हायोलिनवादक व्हावे, अशी त्यांची आकांक्षा होती. मुलाच्या हाती लहानपणीच व्हायोलिन आले. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही; माध्यमिक शिक्षण पुरे न करताच तो नाट्यगृहातील वाद्यवृंदात वाजवू लागला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या छावणीत सैनिकांपुढे वाजवीत असता लोकांना कंटाळा आलेला दिसला, म्हणून त्याने व्हायोलिन खाली करून चार शब्द बोलावयास प्रारंभ केला. आणि लोक हसले. विदूषकाचा जन्म कित्येकदा असाच गवयाच्या अपयशातून होतो.

१९३२ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेस त्यांचा स्वतःचा नभोवाणी कार्यक्रम सुरू झाला. ते मंदीचे दिवस होते. प्रत्येक कार्यक्रम एखाद्या व्यापारी मालाच्या पैशावर चाले व त्या मालाचेच नाव मिरवी. बेनींचा कार्यक्रम आधी कॅनडा ड्राय या पेयाचा, मग शेव्हर्ले मोटारीचा, मग टायरचा, आणि १९३४ पासून आठ वर्षे जेल-ओ या गोड खाद्याचा होता. जाहिरात म्हणजे कार्यक्रमातील कडू औषध. ते बेनींनी विनोदाच्या साखरेत घोळून दिले. मालाचीच थट्टा करावी, हे त्यांचे धाडस पहिल्या धन्याच्या पचनी पडले नाही, असे सांगतात. जेल-ओच्या धन्यांना मात्र ते चांगलेच मानवले.

आता त्याचे बिऱ्हाड पाहू. तोवर रेडिओवरील विनोद म्हणजे एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने चुटका फेकावा आणि पुढच्या आठवड्यास नवे चुटके शोधावेत, असा असे. हॅरी कॉन हे बेनींचे पहिले लेखक. या दोघांनी मिळून वेगळीच युक्ती काढली. चुटक्यांऐवजी त्यांनी माणसे उभी केली. कार्यक्रमाचा निवेदक, वाद्यवृंदाचा नायक, गायक, ही सारी मंडळी स्वतःच्याच नावाने पात्रे झाली. एक रेडिओ कार्यक्रम तयार होत आहे आणि त्याचा धनी हा कंजूष, आढ्यताखोर, पण मनाने दुबळा असा माणूस आहे. एवढेच काय ते कथानक. कॉन १९३६ साली भांडून निघून गेले. कार्यक्रम आपल्यामुळेच चालतो, असा त्यांचा समज होता. तो पुरता खरा नव्हता, तसा पुरता खोटाही नव्हता. ही घडी मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातची होती.

मेरी लिव्हिंगस्टन ही १९३२ च्या उन्हाळ्यात या बिऱ्हाडात आली. न्यू जर्सीतील प्लेनफील्ड गावची एक भाबडी चाहती, अशी ही भूमिका. ठरलेली नटी आली नाही म्हणून बेनींनी आपल्या पत्नीस उभे केले, असे सांगतात. पत्नीचे नाव सेडी. ती लॉस एंजेलिसच्या मे कंपनी या मोठ्या दुकानात पायमोजे विकीत असे. भूमिका एका दिवसाची होती. परंतु श्रोत्यांची पत्रे आली आणि ती कायमची झाली. शेवटी त्या बाईंनी कायद्यानेच स्वतःचे नाव मेरी लिव्हिंगस्टन करून घेतले! पात्राने माणसाला गिळल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. कार्यक्रमात मात्र मेरी ही त्याची बायको नाही. ती त्याची मैत्रीण आहे, टीकाकार आहे, आणि तो फुगू लागला की टाचणी लावणे हे तिचे काम आहे. गंमत अशी की, या धिटाईच्या पात्रामागील बाई ध्वनिक्षेपकाला अतिशय भीत. पुढेपुढे त्यांची वाक्ये घरी मुद्रित करून आणावी लागत.

डॉन विल्सन हा निवेदक १९३४ साली आला. आवाज खर्जातला, देह अवाढव्य. रेडिओवर देह दिसत नाही, हे खरे. पण दर आठवड्यास त्याच्या पोटाची थट्टा ऐकून ऐकून श्रोत्यांना तो दिसू लागला. फिल हॅरिस हा १९३६ पासूनचा वाद्यवृंदनायक. मद्यपी, अक्षरशत्रू, स्वतःच्या कुरळ्या केसांवर लुब्ध असा हा गडी धन्याला 'जॅक्सन' म्हणून हाक मारी. डेनिस डे हा गायक १९३९ मध्ये आला. आवाज मधुर, बुद्धी जेमतेम. गाण्याच्या नोकरीत धन्याच्या अंगणातील गवत कापणेही त्याच्याकडेच असे.

मेल ब्लँक यांच्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. बग्ज बनी या सशाचा आवाज म्हणून जग त्यांना ओळखते. या बिऱ्हाडात ते एकटेच दहा जणांचे काम करीत. व्हायोलिनचे शिक्षक प्राध्यापक लब्लाँ तेच. फीची वाट पाहत आणि बेसूर स्वर सोशीत ते विद्यार्थ्याच्या कानाशी कण्हत असत. रेल्वे स्थानकावरील उद्घोषक तेच. तळघरात पाळलेले कारमायकेल नावाचे पांढरे अस्वलही तेच. इतकेच काय, त्याची जुनाट मॅक्सवेल मोटारही तेच! ती बनविणारी कंपनी १९२५ सालीच क्रायस्लरमध्ये विलीन झाली होती. तो मात्र तीच गाडी हाकीत होता. एकदा मोटारीच्या आवाजाची तबकडी ऐनवेळी वाजेना, तेव्हा ब्लँक यांनी ध्वनिक्षेपकाजवळ धाव घेऊन तोंडानेच खोकणे, धापा टाकणे, आचके देणे असा सारा प्रकार केला. त्या दिवसापासून तबकडी अडगळीत गेली, अशी कथा आहे.

त्याची तिजोरीही अशीच कानाने पाहण्याची. घराखाली खोल भुयार. पावले वाजतात, साखळदंड खळखळतात, एकामागून एक लोखंडी दारे करकरतात, आणि शेवटी एड नावाचा म्हातारा पहारेकरी विचारतो, कोण आहे? हा बिचारा तेथे इतकी वर्षे बसला आहे की, वर जगात कोणते युद्ध संपले आणि कोणते चालू आहे, याचा त्याला पत्ता नाही. एवढी तिजोरी रंगभूमीवर उभी करावयास किती लाकूड आणि किती पत्रा लागला असता! येथे एका बुटाच्या जोडीवर आणि एका साखळीवर भागले. म्हणजे कंजुषाला शोभेल असेच.

कंजूष हे पात्र जुनेच आहे. मोलिएरने ते फ्रेंच रंगभूमीवर आणले, आणि त्यावरूनच आचार्य अत्रे यांनी 'कवडीचुंबक' लिहिले. परंतु बेनींच्या बाबतीत त्यात एक काटा होता. कंजूष म्हणजे ज्यू, ही युरोपातील फार जुनी आणि फार विषारी थट्टा. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत त्या विषाचे काय झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. अशा काळात एका ज्यू व्यापाऱ्याच्या मुलाने कंजुषाची भूमिका पत्करावी, हे साहस होते. त्यांनी काय केले? आपल्या पात्राला त्यांनी कोठेही ज्यू म्हणून रंगविले नाही. तो केवळ एक अमेरिकन मध्यमवर्गीय मनुष्य. नाताळ आला की तो बाजारात जाई, डॉन विल्सनसाठी बुटांच्या नाड्यांचा जोड घेई आणि टोके धातूची बरी की प्लास्टिकची, या विवंचनेत दुकानदाराला वेड लागेतो खेटे घाली. हा प्रसंग १९४६ चा. भेट देण्याची हौस आणि खर्चाची धास्ती यांची ओढाताण कोणत्या घरात होत नाही?

त्याच सुमारास, १९४५ च्या डिसेंबरात, कार्यक्रमाने एक विलक्षण स्पर्धा लावली. 'मला जॅक बेनी असह्य का होतो?' हे थोडक्यात लिहून पाठवावयाचे. बक्षिसे एकूण दहा हजार डॉलरांची. ज्यू कलावंताविरुद्ध द्वेषाची पत्रे येतील, अशी अनेकांना भीती वाटली. पत्रे आली अडीच लाखांहून अधिक. पहिले बक्षीस ज्या पत्राला मिळाले त्याचा आशय असा होता, की त्याचे जे दोष आम्हांला सहन होत नाहीत, ते आमचेच आहेत. हे पत्र रोनाल्ड कोलमन या नामवंत नटांनी आपल्या भारदस्त आवाजात वाचून दाखविले. हेच कोलमन कार्यक्रमात त्याचे त्रासलेले शेजारी होते. आणि आरंभी सांगितलेली उसनी वस्तू म्हणजे त्यांना आठच दिवसांपूर्वी मिळालेली ऑस्करची मूर्ती होय!

आता या बिऱ्हाडातील शेवटचा माणूस. माझ्या मते तोच पहिला. त्याचे नाव रॉचेस्टर.

एडी अँडरसन हे कॅलिफोर्नियातील ओकलंडचे कृष्णवर्णीय नट. जन्म १९०५ चा. लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकताना ओरडून ओरडून त्यांचा गळा कायमचा बसला आणि आवाज खरखरीत झाला, असे ते सांगत. २८ मार्च १९३७ रोजी बेनींना आगगाडीतील हमालाच्या एका छोट्या भूमिकेसाठी नट हवा होता. तोही ईस्टरचा रविवार. दरोड्याच्या प्रसंगाच्या बरोबर अकरा वर्षे आधीचा. अँडरसन आले, आपली वाक्ये त्या खरखरीत गळ्याने म्हटली, आणि श्रोत्यांनी त्यांना परत बोलावले. थोड्याच दिवसांत रॉचेस्टर हा त्याचा घरगडी, स्वयंपाकी, मोटारचालक असा सर्वकाही झाला.

येथे मागचा संदर्भ ध्यानी घ्यावा लागेल. त्या काळी अमेरिकेत 'एमॉस अँड अँडी' हा कार्यक्रम तुफान गाजत होता. १९२९ पासून तो देशभर ऐकू येई. दोन कृष्णवर्णीय मित्रांची ती कथा; परंतु आवाज काढणारे दोघेही गोरे. रेडिओवर कातडीचा रंग दिसत नाही, या सोयीचा हा असाही उपयोग! १९३१ साली 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. पण कार्यक्रम चालूच राहिला. तेव्हा बेनींच्या कार्यक्रमात कृष्णवर्णीय पात्र एका कृष्णवर्णीय नटाने करावे, दर आठवड्यास करावे, आणि टाळ्याही त्यानेच घ्याव्यात, हे त्या काळी लहानसहान नव्हते.

रॉचेस्टर नोकर आहे, हे खरे. पण त्या घरात शहाणपण कोणाकडे आहे, हे श्रोत्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते. धनी बढाई मारतो, रॉचेस्टर एक प्रश्न विचारतो, आणि बढाई जमीनदोस्त होते. आपल्या तमाशातील सोंगाड्या राजाच्या चाकरीत राहून राजाचीच फजिती करतो. हा त्याचाच दूरचा भाऊ. मात्र सोंगाड्याला तमाशानंतर जे भोगावे लागते, ते यालाही चुकले नाही. पहिल्या काही वर्षांत रॉचेस्टरच्या वाट्याला जे विनोद येत, त्यांत जुगाराचे फासे, दारू, वस्तरा, आळस असला मालही भरपूर असे. म्हणजे गोऱ्या अमेरिकेने कृष्णवर्णीयांचे जे खोटे चित्र रंगविले होते, तेच. त्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज ऐकताना मान खाली जाते. बेनींचे चाहते हे झाकू पाहतात. मला ते योग्य वाटत नाही.

दुसरे महायुद्ध संपले. नाझींच्या छळछावण्यांत काय घडले ते जगाला कळले. बेनींनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे, की त्यानंतर वंशावरून केलेल्या थट्टेत त्यांना गंमत वाटेनाशी झाली. त्यांनी लेखकांना तसे बजावले आणि रॉचेस्टरच्या तोंडचे ते सारे विनोद गेले. राहिला तो हजरजबाबी, थोडा कामचुकार, धन्याला पुरता ओळखणारा मनुष्य. तरीही १९५० च्या फेब्रुवारीत एकदा वेळेअभावी लेखकांनी १९४१ चे जुने संहितापत्र काढून पुन्हा सादर केले. नऊ वर्षांपूर्वी ज्या वाक्यांवर देश हसला होता, त्याच वाक्यांवर आता निषेधाची पत्रे आली. वाक्ये तीच, नट तोच, आवाज तोच. बदलला होता तो ऐकणारा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा एक प्रसंग घेतला तरी त्याला नऊ वर्षांच्या अमेरिकेचा अभ्यास करता येईल.

अँडरसन स्वतः त्या काळच्या सर्वांत अधिक कमाई असलेल्या कृष्णवर्णीय नटांपैकी एक होते. १९४३ च्या 'केबिन इन द स्काय' या चित्रपटात त्यांनी नायकाचे काम केले आहे. तथापि जन्मभर लोकांनी त्यांना रॉचेस्टर म्हणूनच हाक मारली आणि तो रॉचेस्टर अखेरपर्यंत घरगडीच राहिला. मला राहून राहून वाटते, या माणसाला स्वतःचे घर असलेले एखादे पात्र मिळाले असते तर?

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. फ्रेड ॲलन या दुसऱ्या विनोदकाराने १९३६ च्या अखेरीस आपल्या कार्यक्रमात एका दहा वर्षांच्या मुलाचे उत्तम व्हायोलिन ऐकवून बेनींना टोमणा मारला. त्यातून दोघांचे लटके भांडण जे जुंपले, ते १९५६ मध्ये ॲलन निवर्तले तेव्हाच थांबले. १९४९ च्या जानेवारीत बेनी आपले सारे बिऱ्हाड घेऊन एनबीसी सोडून सीबीएसकडे गेले. त्यात करांचा मोठा हिशेब होता. पगारावरील कर जबर होता, पण आपली कंपनी विकून आलेल्या नफ्यावर तो पुष्कळच कमी. हे एक कृत्य तेवढे त्याला शोभण्यासारखे! श्रोतेही त्यांच्या मागोमाग गेले. २२ मे १९५५ रोजी नभोवाणीवरील कार्यक्रम संपला. दूरचित्रवाणीवर तो १९५० मध्येच सुरू झाला होता व १९६५ पर्यंत चालला. दूरचित्रवाणीवर तिजोरी दिसू लागली. दिसल्यावर ती लहान वाटली, असे माझे मत आहे.

तो कंजूष होता, ते नव्हते. हॉटेलांतून त्यांना इतरांहून अधिक बक्षिसी द्यावी लागे, कारण थोडी कमी पडली की लोक म्हणत, पाहा, ऐकले होते तसाच निघाला! तो बेसूर वाजवी. त्यांनी मात्र साठी उलटल्यावर पुन्हा कसून रियाज केला आणि १९५६ पासून गावोगावच्या वाद्यवृंदांसाठी व्हायोलिनचे कार्यक्रम करून लाखो डॉलर जमवून दिले. लोक बेसूर ऐकावयास भारी तिकिटे काढीत, आणि तो पैसा सुरात वाजविणाऱ्यांच्या पदरी पडे. स्वतःचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन त्यांनी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदास ठेवले. २६ डिसेंबर १९७४ रोजी ते निधन पावले. तेव्हापासून मेरीबाईंच्या दारी रोज लाल गुलाबाचे एक फूल येऊ लागले. मृत्युपत्रात तशी तजवीज करून ठेवलेली होती, आणि १९८३ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत तो क्रम चालला.

त्याचे वय मात्र एकोणचाळीसच राहिले. दर वाढदिवसाला तो एकोणचाळिसाव्यात पदार्पण करी. ज्या वॉकीगन गावाने या मुलाला शाळेत नापास होताना पाहिले, त्याच गावाने १९६१ साली एका नव्या शाळेला जॅक बेनी यांचे नाव दिले. मी शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट मला विशेष आवडते. समारंभाला ते स्वतः हजर राहिले. त्या शाळेतील मुलांच्या खेळाच्या संघांचे नाव 'थर्टी-नाइनर्स', म्हणजे एकोणचाळीसवाले, असे आहे.